कुशीवरून कुशीवर

४ फेब्रुवारी

संपादकांचा फोन. पुस्तक कुठवर आलं, हे त्यांनी विचारलं नाही. तब्येत कशी आहे, हे विचारलं. म्हणजे त्यांनी आशा सोडली असावी.

मी खरं ते सांगितलं. बाबा अंथरुणाला खिळलेले होते तोवर वेळ नव्हता. बाबा गेले, वेळ झाला, आणि आता सुचत नाही. बसते, पेनाचं टोपण काढते, पुन्हा लावते.

"सुचायची वाट बघू नका," त्या म्हणाल्या. "रोजचंच लिहा. भांडी, जिना, शेजाऱ्यांचं दार. घड्याळ लावा आणि घंटा होईपर्यंत हात थांबवू नका. खोडायचं नाही. सुचत नसेल तर 'सुचत नाही' असं लिहा, पण हात चालू. आणि मागचं लिहिलेलं इतक्यात वाचायचं नाही."

"त्यातून काय निघणार?"

"विहीर उपसताना आधी गाळच निघतो. घंटा झाली की लगेच उठूही नका. डोळे मिटून बसा थोडा वेळ."

गाळ माझ्याकडे भरपूर आहे.

संध्याकाळी दादाचा फोन. तो महिनाअखेरीस येतोय. आईला स्वतःकडे न्यायचं त्याच्या मनात आहे.

"एकटी पडते गं ती तिथे."

"मी आहे की."

"तू आहेस, पण असतेस कुठे, लेखिकाबाई? दार तर बंद असतं."

"आईला विचारलंस?"

"आई काय, तुला हो म्हणते, मला हो म्हणते. मी येऊन बघतो. धडधाकट दिसली तर राहू दे. नाही दिसली, तर घेऊनच जातो. मग वाद घालायचा नाही."

मी बरं म्हटलं. आई गेली तर हे घर माझ्या अंगावर येईल. हे दादाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी

घड्याळ शोधलं. मोबाईल नको, त्यात डोकं अडकतं. स्वयंपाकघरातल्या खणात टिकटिक्या सापडला.

हा बाबांच्या बेकरीतला. गोल, लोखंडी, पिळून लावायचा. भट्टीत पत्रे सरकवले की बाबा तो पिळायचे. अर्ध्यावर घंटा झाली की पत्रे फिरवायचे, म्हणजे पाव एका बाजूनं करपत नाहीत. बेकरी बंद झाली आणि टिकटिक्या घरी आला. पुढे बाबांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा तो त्यांच्या उशाशी गेला. दोन तासांनी घंटा, की त्यांना कुशीवरून कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. पहिल्या दिवसांत त्यांना थोडं बोलता यायचं. म्हणायचे, "फिरवा रे मला. एका बाजूनं भाजून झालोय."

पिळून पाहिला. चालतो.

६ फेब्रुवारी

पहिली बैठक. दार लावलं, टिकटिक्या पिळला. भांड्यांबद्दल लिहिलं. मग सुचत नाही, सुचत नाही, सुचत नाही. मग खिडकीच्या गजावरचा रंग. घंटा इतकी कर्कश झाली की पेन कागदात रुतलं. मग डोळे मिटून बसले.

बाहेर आले तर आई नेहमीच्या खुर्चीत नव्हती. न्हाणीघरातून हात पुसत आली.

"लिहितेस का आता?" तिनं विचारलं.

"प्रयत्न करते."

"बरं झालं," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. वय झालं तिचं.

८ फेब्रुवारी

काल आणि आज एकेक बैठक. जिना, शेजाऱ्यांच्या दारावरची घंटी, आईची खुर्ची. लिहिलेलं वाचत नाही, पण हातानं काय लिहिलं ते आठवतं. मध्येच हात आपोआप "एक, दोन, एक, दोन" लिहीत सुटतो. सुचत नाहीच्या ऐवजी.

हे कुठून आलं ते मला माहीत आहे. वळवायला दोन माणसं लागायची. बाबांच्या अंगाखालच्या आडव्या चादरीची टोकं धरायची. आई खांद्याशी, मी कमरेशी. आई म्हणायची "एक", मी म्हणायची "दोन", आणि "तीन" बाबा म्हणायचे. शेवटी शेवटी त्यांचे सगळे शब्द गेले, हा एक राहिला होता. तेवढा त्यांच्या मालकीचा.

११ फेब्रुवारी

बाबांच्या खोलीत शब्दकोश आणायला गेले. खोलीत बाकी काही बदललेलं नाही. पलंग तसाच, हवेची गादी आणि तिची मोटर तशीच. गादीवर थंडीच्या रजया आडव्या चादरीत गुंडाळून ठेवल्यात. जागा नव्हती म्हणून मीच ठेवल्या होत्या, भिंतीला लावून.

आज गाठोडं खिडकीच्या बाजूला होतं.

मी ते परत भिंतीला लावलं. जड आहे. आपोआप सरकण्यासारखं नाही.

१२ फेब्रुवारी

बैठकीनंतर मुद्दाम जाऊन पाहिलं. गाठोडं खिडकीकडे. त्याच्या मागे, पाठीशी, बाबांची लांब उशी खोचलेली. बाबांना कुशीवर केल्यावर ते पुन्हा उताणे होऊ नयेत म्हणून आम्ही खोचायचो, तशी.

मी पाठीशी असं लिहिलं. गाठोड्याला पाठ नसते. खोडत नाही.

आईला विचारलं, "त्या खोलीत गेली होतीस का?"

"झाडायला जाते की रोज."

झाडताना सरकलं असेल. उशीही. मला पटलं नाही, पण मी मान हलवली.

१५ फेब्रुवारी

आज सकाळी आणि दुपारी, दोनदा बसले. दोन्ही वेळा आधी खोलीत डोकावले होते, नंतरही डोकावले. आधी भिंतीकडे, नंतर खिडकीकडे. दुपारी खिडकीकडे, नंतर भिंतीकडे.

दुपारी खोलीबाहेरच्या बोळात पावडरीचा वास होता. बाबांच्या पाठीला लावायची ती. कोरडी, गोडसर.

संपादक म्हणाल्या होत्या, गाळ निघेल. त्यांना हे अपेक्षित नसावं. मी लिहिते आणि ते कूस बदलतात. हे वाक्य लिहिताना हसू यायला हवं होतं. आलं नाही. अंगावर काटा आला आणि त्याच वेळी वाटलं: हेच पुस्तक आहे.

१६ फेब्रुवारी

चार बैठका.

चारही वेळा.

१७ फेब्रुवारी

आता बाबांना सोडून दुसरं लिहवतच नाही. त्यांच्या पायांची नखं. कानामागची घडी. पाव आणि साबण यांचा मिळून वास. मी मुद्दाम काही आठवत नाही, हात लिहितो. घंटेनंतर डोळे मिटून बसते तेव्हा भिंतीपलीकडे गादीच्या मोटरची घरघर ऐकू येते. आज उठून गेले. पोचेपर्यंत घरघर थांबली होती. मोटर हाताला कोमट लागली.

आई स्वयंपाकघरात पाणी पीत उभी होती.

"तुला आवाज आला?" मी विचारलं.

"कसला?"

"मोटरचा."

ती पाणी प्यायली. पेला विसळला. पालथा घातला. "आवाज येतच असतात घरात," ती म्हणाली.

तिलाही ऐकू येतंय तर. मी एकटी नाही.

१९ फेब्रुवारी

आई जेवताना डाव्या हातानं पाणी घेत होती. उजवा खांदा दुखतोय म्हणाली. मी मलम चोळून दिलं.

"काही उचललंस का?"

"मी काय उचलणार."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "जरा अंतर ठेवत जा गं. आधी दोन तासांनी असायचं. आता घटकेघटकेला. माणसाला धड झोपू तरी दे."

माझ्या लिहिण्याचं तिनं कधी मोजमाप ठेवलं नव्हतं. वाईट वाटलं. दुपारी तिचा डोळा लागतो आणि माझी घंटा होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्यापासून घड्याळ टॉवेलात गुंडाळीन.

२० फेब्रुवारी

टॉवेलात गुंडाळलं. आवाज बसका आला, पण या भिंतींना कान आहेत. आईनं काही म्हटलं नाही. गाठोडं वळलेलंच होतं.

२२ फेब्रुवारी

हाडांचे डॉक्टर. त्यांनी आईचा हात वर करून पाहिला तेव्हा ती कळवळली.

"आजी, घरात कुणी आजारी आहे का? उचलावं लागतं का कुणाला?"

"होते," आई म्हणाली.

"होते म्हणजे?"

"मालक होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, चार महिने झाले. ते म्हणाले, हा ताण इतका जुना नाही, ताजा आहे. हात झोळीत अडकवून दिला. जड काही उचलायचं नाही.

रिक्षात आई म्हणाली, "दादाला कळवू नकोस. लगेच गाडी घेऊन येईल."

"तुला जायचं नाहीये ना?"

"मी गेले तर इथलं कोण बघणार?"

ती माझ्याबद्दल म्हणाली असं मला वाटलं. बरं वाटलं.

२३ फेब्रुवारी

आज बसले नाही. आईच्या खांद्याकडे पाहून धीर झाला नाही. तिला निजवलं, दार ओढून घेतलं, आणि रिकामी बसून राहिले.

निजलीच नाही. तीनदा बाहेर आली. एकदा पाणी प्यायला, एकदा खिडकी बघायला. तिसऱ्यांदा माझ्या दारात उभी राहिली.

"आज नाही का?"

"काय?"

"तुझी घंटा."

"तूच म्हणालीस ना, झोपू दे."

"अंतर ठेव म्हटलं. बंद कर नाही म्हटलं." तिचा चेहरा पांढरा पडला होता. "इतका वेळ तसंच नाही ठेवायचं."

मला तिच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. तिला बरं वाटावं म्हणून एक बैठक केली. ती लगेच दारातून हलली. घंटेनंतर घरात किती शांत होतं. संध्याकाळी पाहिलं तर आईला खरंच बरं वाटत होतं. हात मात्र झोळीतून काढलेला.

बाबा तिलाही हवेत. आम्हा दोघींना त्यांचं येणं हवंय, आणि दोघी एकमेकींना सांगत नाही.

२५ फेब्रुवारी

दादाचा फोन. शनिवारी येतोय, टेम्पो घेऊनच. पलंग आणि गादी त्यानं एका वृद्धाश्रमाला देऊ केलीय. "चांगली वस्तू आहे, कुणाच्या तरी कामी येईल. आणि ती खोली तू घे. तिथे उजेड आहे. बस, लिही, नाव काढ आमचं."

मी विचारलं, थोडे दिवस थांबता येणार नाही का. का, असं त्यानं विचारलं. पलंग गेला तर ते कुठे वळतील, असं सांगायचं का?

१ मार्च

कालचं आज लिहिते आहे. काल हात चालला नसता. जसं घडलं तसं.

दादा लवकरच आला. बेल वाजली तेव्हा मी नुकताच टिकटिक्या पिळला होता. तो तसाच टेबलावर ठेवून बाहेर आले आणि विसरले. आईनं झोळी काढून पदराआड दडवली होती, पण दादाच्या नजरेतून सुटतं थोडंच.

"हाताला काय झालं?"

"काही नाही. झोपले होते वेडीवाकडी."

"काय गं?" त्यानं मला विचारलं.

मी डॉक्टरांचं सांगितलं. सगळं नाही. तेवढंही पुरेसं होतं. त्यानं कप खाली ठेवला.

"ठरलं मग. आई, कपडे भर. मी बघून ठरवीन म्हणालो होतो, बघितलं. हिच्या पुस्तकापायी तू मोडशील."

"तिच्या पुस्तकाचा काय संबंध?" आई म्हणाली.

"मग तूच सांग कशाचा आहे."

मी म्हटलं, "दादा, तिला विचार तरी."

"तू मध्ये बोलू नकोस. तुझं लक्ष असतं तर…"

तेवढ्यात माझ्या खोलीत घंटा झाली.

दादाची खुर्ची मागे सरकली. तो उभा राहिला होता. "बस तू, आई," तो म्हणाला, "मी खांद्याशी धरतो." आणि मग स्वतःचं बोलणं ऐकून तो तसाच उभा राहिला, एक हात पुढे केलेला. तो सुट्टीला यायचा तेव्हा असंच म्हणायचा. तेच शब्द, तोच हात.

आई बसलेली नव्हतीच. ती बोळात होती. लगबगीनं, कुणाला वेळ झालाय हे माहीत असलेल्या माणसासारखी चालत होती. आम्ही दोघं तिच्यामागे गेलो.

ती पलंगाशी वाकली. दुखऱ्या हातानं आडव्या चादरीचं टोक धरलं, दुसऱ्या हातानं दुसरं. "एक," ती हळूच म्हणाली आणि थांबली. दोन म्हणायला कुणी नव्हतं. तिनं एकटीनं ओढलं. गाठोडं अर्धं वळलं आणि अडलं. तिच्या तोंडून आवाज निघाला. तिनं पुन्हा ओढलं. मग लांब उशी घेतली आणि पाठीशी खोचली. खाली वाकून मोटरचं बटण दाबलं, गादीत हवा भरल्याची खात्री करून घेतली, बंद केलं. मग वळली आणि आम्ही दारात दिसलो.

"बाबा नाहीत, आई," दादा म्हणाला. बेकरीवरून दमून आलेल्या बाबांसारखा त्याचा आवाज झाला होता.

"मला सांगतोस? मीच आंघोळ घातली त्यांना." ती पलंगाच्या कडेवर टेकली. "वेडी नाही झाले मी. रजया आहेत, दिसतंय मला. पण घंटा झाली की बसवत नाही."

"मग हिला सांगायचंस ना, दुसरं घड्याळ लाव."

"किती दिवसांनी लिहायला लागली होती ती."

मला खोलीत पुढे जाववेना. मी म्हटलं, "मला वाटलं, ते येतात."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "येतात?"

"मी लिहिलं की."

"अगं बाई," ती म्हणाली. मला वाटलं ती हसेल. हसली नाही. खूप वेळ चादरीची घडी सारखी करत राहिली. मग बोलली ते चादरीशीच बोलल्यासारखं.

"शेवटच्या दिवशी घंटा झाली होती. दुपारची. तू खुर्चीतच झोपली होतीस, तोंड उघडं. यांचाही डोळा लागला होता, भिंतीकडे तोंड करून. म्हटलं, एक खेप राहू दे. झोपू दे दोघांना. पुढच्या घंटेला गेले तर…"

पुढचं आम्हाला माहीत होतं.

"त्यांचं तोंड भिंतीकडेच राहिलं," आई म्हणाली. "मी वळवलंच नाही."

खाली टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. दादानं खिडकीतून हात दाखवला, थांब म्हणून. मग तो पलंगाच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि चादरीचं टोक धरलं.

"सरळ करूया," तो म्हणाला. "आता कुशीवर नको. सरळ झोपवूया त्यांना. मध्यभागी."

आई उठली. मी कमरेशी गेले, माझ्या जागी. आई खांद्याशी, दादा समोर. आईनं पाठीची उशी काढून हातात घेतली.

"एक," दादा म्हणाला.

"दोन," मी म्हटलं.

आणि आम्ही थांबलो. तिघंही. चादर ताणलेली, हात भरून आलेले. ती जागा त्यांची होती, आम्ही कुणी कधी भरली नव्हती. मी ऐकत होते. इतके दिवस ज्याची वाट पाहत लिहिलं, ते आता ऐकू येईल असं मला खरोखर वाटलं. गादीतून हवा निघून जाण्याचा बारीक आवाज येत होता. दुसरं काही आलं नाही.

"तीन," आई म्हणाली.

गाठोडं सहज उचललं गेलं. तिघं असलो की ते किती हलकं होतं. आम्ही ते मध्यभागी सरळ ठेवलं. आईनं उशी डोक्याखाली असते तिथे ठेवली. हात त्यावर ठेवून उभी राहिली. दादा रडत होता, पण चादर सोडत नव्हता.

मग आईनं वाकून वास घेतला.

"कुबट वास मारतोय," ती म्हणाली. "रजया उन्हात टाका. चार महिने एकालाही सुचलं नाही."

आम्ही गच्चीवर रजया टाकल्या. पलंग जिन्यावरून उतरवताना अडला. टेम्पोवाला म्हणाला, "वर गेला कसा होता हा?" दादा म्हणाला, "तेव्हा वर नेणारे वेगळे होते," आणि पुढून पकडून उलटा चालायला लागला.

निघताना त्यानं आईच्या कपड्यांचा विषय काढला, जरा बिचकत. आई म्हणाली, "हात बरा झाला की येते चार दिवस. राहायला नाही. आणि तू हिच्यावर आवाज चढवू नकोस. खुर्ची मागे सारून तूच पहिला उभा राहिलास."

"सवयीनं गं."

"मग माझं काय वेगळं होतं?"

३ मार्च

टिकटिक्या खणात ठेवला होता. आईनं काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"नको, आई."

"असू दे. आज घंटा झाली आणि मी उठले, तर तू ये मागे. एवढंच."

झाली. ती बोळाच्या तोंडापर्यंत आली. मी मागे गेले. खोली रिकामी. भिंतीवर पलंगाच्या कडेची घासलेली रेघ, खिडकीतून उजेड. आम्ही दोघी उंबऱ्यात उभ्या राहिलो आणि परत आलो.

संपादकांना फोन केला. बाबा येतात ते पुस्तक नाही, असं सांगितलं. कोणतं पुस्तक, असं त्यांनी विचारलं. त्यांना मी ते सांगितलंच नव्हतं. आई आणि मी, एवढंच आहे, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, "लिहा."

९ मार्च

टेबल त्या खोलीत हलवलं. दादा म्हणाला ते खरं, उजेड आहे. दार उघडं ठेवते. आई खांद्याला शेक देऊन भिंतीशी सतरंजीवर आडवी झाली होती, माझ्याकडे पाठ करून. हलकं घोरत होती.

आज आईबद्दल लिहिलं. पेला पालथा घालायची तिची रीत. हात थांबला नाही. "एक, दोन" आलं नाही.

घंटा झाली. खुर्चीतून मी अर्धी उठले होते.

आई उठली नाही. झोपेतच तिनं कूस बदलली, भिंतीकडून माझ्याकडे, आणि पुन्हा घोरायला लागली.